लिसेमावशीचं कोनफळ

केस्नरसारखा आपमतलबी पोरगा अख्ख्या पोनपेई बेटावर शोधून सापडला नसता. त्याच्या शेतात एक कोनफळ पुरलेलं होतं, म्हणे दोघांनी कावडीवर न्यावं एवढं. ‘म्हणे’ अशासाठी, की दुसऱ्याच्या कोनफळाबद्दल विचारायचं नाही आणि त्याच्या शेताकडे मान वळवून बघायचंही नाही, ही आमच्याकडची रीत. या रीतीचा त्याच्याइतका फायदा कुणी उपटला नसेल.

त्या वर्षी आमच्या ओढ्यांची देवी, सापासारखी लांबलचक वाम मासळी, रुसून डोंगरावरच्या डोहात जाऊन बसली. ती गेली तसं पाणीही गेलं. समजूत काढायला कुणाला धाडायचं? म्हाताऱ्यांनी नारळाच्या पातीला गाठी मारून कौल लावला. तीनदा लावला, तीनदा केस्नरच!

“वामीची अक्कल चरायला गेली वाटतं,” सरदार म्हणाला. “जा बाबा, जा.”

घरटी एक कोनफळ वामीला द्यायचं ठरलं. केस्नरनं आपलं म्हणून मनगटाएवढं टोपलीत टाकलं. विचारणार कोण? शेजारच्या लिसेमावशीकडे बियाण्याला राखलेलं एकच उरलं होतं. त्या एकट्या बाईनं तेच भाजून, केळीच्या पानात बांधून आणलं.

“वाटेत खाऊ नकोस हं, लबाडा,” ती हसून म्हणाली.

अर्ध्या वाटेवर यानं नेमकं तेच खाल्लं. भाजलेलं तेवढंच होतं ना!

डोहातून वामीनं डोकं काढलं. एकेक कोनफळ हुंगून घराचं नाव घेतलं. “आणि लिसेचं?”

“तिनं दिलंच नाही.” जीभ जरासुद्धा अडखळली नाही मेल्याची.

“बरं,” म्हणून वाम टोपलीत शिरली.

केस्नर उतरला, मागोमाग पाणी उतरलं. सरदारानं सकाऊची, आमच्या मानाच्या पेयाची, पहिली वाटी त्याच्या हातात दिली. वाडीभर ओढे खळाळले, फक्त लिसेमावशीच्या दारचा ठणठणीत कोरडा राहिला. ती गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आली.

तिनं त्याचे हात धरले. “माझंच चुकलं रे. देवाला द्यायचं तर मोठं द्यावं माणसानं. माझ्यापायी तुला वामीपुढे खाली बघावं लागलं असेल.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेव्हाही तो गप्पच बसला, सगळ्यांसमोर, हातात वाटी धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते लपवलेलं कोनफळ खणून, धापा टाकत तिच्या अंगणात आणून टाकलं. मावशीनं रीतीप्रमाणे तोंड फिरवलं.

“बघा मावशी, तुमचंच आहे आता. तुमचं मी खाल्लं. वामीला सांगितलं, तुम्ही दिलंच नाही.”

ती पाठमोरीच राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“गोड होतं का रे?” तिनं विचारलं.

“होतं.”

“मग ठीक.” तिनं रिकामी घागर त्याच्यापुढे सरकवली.

मावशीच्या दारचा ओढा अजून कोरडाच आहे. केस्नरला नातवंडं झाली, तरी तिची घागर तोच भरतो. कुणी त्याला गुणाचा म्हटलं, की तो घागर उचलून चालायला लागतो.