वळण दाखवणारी काच

केजला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड आला की त्याला कारण असतं, एवढीच माझी अक्कल. भुताखेताचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टर उडवलीय. आता तुम्ही माझी उडवा... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. माझी बायको सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, घाटनांदूरला होती. मीही तिथंच मुक्कामाला. सकाळी सहाला कळा वाढल्या. गावातल्या सिस्टर तपासून म्हणाल्या, "बाळ आडवं हाय. सिझरच लागंल. तासाच्या आत अंबाजोगाई गाठा!"

माझी जुनी कार काढली. मागे सुनीता, तिला धरून सासूबाई. माझ्या शेजारची सीट रिकामी. बाहेर दाट धुकं, आणि गाव सोडतोय तोवर काच आतूनही पांढरी झाली. एसी लावला की ती मिनिटात साफ होते. मी बटणाकडे हात नेला...

"कावून लावता ते? वारं लागंल पोरीला!" सासूबाई कडाडल्या.

"मामी, रस्ता दिसंना मला!"

"मंग पुसा की काच. वारं न्हाई लागू द्यायची मी."

खिडकी चार बोटं उघडली, तर त्यांनी मागून माझा खांदाच धरला. इतका राग आला की काय सांगू! पण सुनीता कळेनं ओरडली आणि मी मुकाट्यानं रुमाल घेतला. पुसायचो, की दहा सेकंदांत पुन्हा पांढरं. आता दोघंही हातची जाणार, असं वाटून मी रडायलाच लागलो.

आणि काच आपोआप साफ व्हायला लागली... सगळी नाही. हातभर रुंदीचा एक पट्टा. त्यातून बाहेरचं धुकंही विरळ दिसत होतं. उजवं वळण येण्याआधी पट्टा उजवीकडे सरकायचा, डावं येण्याआधी डावीकडे — मागे राहिलेली काच पुन्हा धुरकट. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, आणि पट्टा नेईल तिकडे मी स्टिअरिंग फिरवत होतो.

एका जागी पट्टा एकदम मिटला. मी कचकन ब्रेक दाबला. उतरून पाहतो तर बंपरपासून वीतभरावर उसानं भरलेली ट्रॉली उभी. लाल दिवा नाही, काही नाही! परत येऊन बसलो, तर पट्टा ट्रॉलीच्या उजव्या बाजूनं उघडला होता.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

नंतर एका मित्रानं मला श्वासाचा ओलावा, काचेचं तापमान, सगळं समजावलं. मी म्हटलं, अरे, काच साफ का होते ते मलाही कळतं. तिला वळणं कशी कळली, ते सांग ना!

त्या सकाळी मुलीचं रडणं ऐकलं आणि मी तडक पार्किंगमध्ये आलो. गाडीच्या काचेला डोकं टेकवलं. वॉचमननं हसत विचारलं, "नवी घेतली का गाडी?"

"हो," म्हणालो. दुसऱ्या कुणाच्या पाया पडायचं, तेच कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.