टॉर्चवाली काकू

गोरेगावच्या टॉकीजमध्ये मालकाची वहिनी टॉर्च घेऊन फिरायची. कुणी पुढच्या खुर्चीवर पाय टाकले की उजेड थेट तोंडावर मारायची. "पाय खाली घे बे, घरी असाच बसते काय?"

टॉकीज कायमची बंद झाली त्या दुपारी, वर्षानुवर्षं आत न फिरकलेलं अख्खं गाव निर्लज्जपणे फोटो काढायला फाटकाशी जमलं. मीही गेलो.

काकूनं कुणालाच आत सोडलं नाही. रिकाम्या टॉकीजच्या फाटकावर तिनं हाऊसफुल्लची पाटी टांगली आणि भर उन्हात एकेकाच्या तोंडावर टॉर्च मारू लागली.

"खुर्च्या रिकाम्या होत्या तवा कुठं होते? आता फोटो कायले काढून राहिले?"

टॉर्च माझ्यावर येऊन थांबला. मी मोबाईल खिशात घातला.

"अन् तू तं समोरच राहते ना बे."