उस्मानचाचा मिस्त्री दर्यावर गेले त्याची गोष्ट

आमच्या वर्कशॉपात इंजिनं कमी आणि किस्से जास्त दुरुस्त व्हायचे. इंजिन एकदा सुरू झालं की गिऱ्हाईक बैलगाडीत घालून घेऊन जायचं, किस्सा मात्र तिथंच राहायचा. ढीग एवढा झाला की बसायला स्टूल सापडेना. त्यातले मी पाडलेले किती आणि आपोआप घडलेले किती, हे विचारू नका. मी चौथी नापास माणूस, हिशेब येत न्हाई.

परभणीला मोंढ्याच्या मागं आमचं वर्कशॉप. मालक उस्मानचाचा मिस्त्री. विहिरीवरचं कसलंही डिझेल इंजिन असो, पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचे. फिटर किसन कांबळे. मॅट्रिक झालेला, रोज पेपर वाचणारा, म्हणून आमच्यात शहाणा. आणि मी नाम्या. माझं काम पाने देणं आणि दोघांची टिंगल करणं.

सत्तर सालानंतरची गोष्ट हाय. राणीसावरगावच्या शाळेत कोकणातले एक गुरुजी होते. एका मळ्यात चाचांचं काम बघून ते थेट वर्कशॉपात आले. म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाची मासेमारीची होडी आहे. इंजिन सुरू होतं आणि घटकाभरात बंद पडतं. तिकडच्या तीन मिस्त्र्यांनी हात टेकले. नारळी पौर्णिमेला होडी निघाली नाही, तर चारी खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जाणार. मग होडी वर्षभर वाळूतच."

चाचांनी विचारलं, "इंजिन तेच हाय ना, विहिरीवरचं?"

"तेच. फक्त होडीत बसवलंय."

"मग विहीर जरा मोठी समजायची," चाचा म्हणाले आणि पेटी भरायला लागले.

*

रेल्वे, एसटी, पुन्हा एसटी. तिसऱ्या दिवशी आमी तिघं गुरुजींच्या गावी पोचलो. काळे कातळ थेट पाण्यात घुसलेले, त्यांच्या मधल्या खाचेत बंदर, आणि वाळूवर झावळ्या पांघरून झोपलेल्या होड्या. चाचांनी पेटी वाळूवर ठेवली. मग म्हणाले, "नाम्या, एवढं पाणी, आणि मोटर एक न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर पाणी लांब मागं गेलेलं, निम्मी खाडी उघडी. मला राहवतंय होय? मी चाचांना म्हणालो, "चाचा, कुणीतरी पाणी शेतीला सोडलं वाटतं."

चाचा तसेच गुरुजींच्या भावाकडं गेले. त्यांना सगळं गाव तांडेल म्हणायचं, होडीचा नाखवा म्हणून. चाचांनी अदबीनं विचारलं, "तांडेलसाब, आज पाण्याची पाळी कुणाची हाय?"

तांडेल जाळं झटकत होते. मान वर न करता म्हणाले, "चंद्राची."

तोंडावरची माशी हलली न्हाई. मी त्या माणसाला तिथंच गुरू केलं.

*

तांडेलांची बायको, चंद्रावयनी, अंगणात सुकी मासळी वाळत घालायच्या. कांबळे बंदरावरच्या दुकानातून पेपर घेऊन आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, निवांत घाला. पेपरात लिहिलंय, आज उघडीप."

वयनींनी डोंगराकडं एकदा बघितलं आणि सगळी मासळी गोळा करायला लागल्या. कांबळे त्यांना हवामान समजावून सांगायलाय, त्या पाट्या आत न्यायल्यात. शेवटची पाटी उंबऱ्याच्या आत गेली आणि धो धो कोसळला.

कांबळे डोक्यावर पेपर धरून पळत आला. वयनी म्हणाल्या, "बघा, पेपर कामाक इलो."

*

त्या गावात एक म्हातारे आबा होते. अंधाऱ्या खोपीत बसून जाळी शिवायचे. डोळे अधू, पण बोटं अशी चालायची की बघणाऱ्यानं दमावं. मला वाटलं, गंमत करावी. ते पाणी प्यायला उठले तेव्हा जाळ्याच्या ढिगात, पार खाली, मी एक गाठ मारून ठेवली. आमची, बैलाच्या दाव्याची गाठ.

दुपारी आबांची बोटं सरकत सरकत तिथं आली आणि थांबली. त्यांनी गाठ चाचपली. "ही गाठ आमची न्हय. ही घाटावरची."

मी हळूच दाराकडं सरकलो.

"गाठ बरी असा," म्हातारा म्हणाला, "पन मासो काय बैल न्हय. सोड ती, बस हय, आनी शिक."

संध्याकाळपर्यंत मला उठू दिलं न्हाई. शाळेत एवढा वेळ बसलो असतो तर आज मामलेदार झालो असतो.

*

आता इंजिनाचं सांगतो. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. वाळूतच इंजिन चालवून बघायचं ठरलं. थंड करायला एका पिंपातून पाणी घ्यायचं आणि दुसरीकडून वाळूत सोडून द्यायचं, अशी त्यांची रीत. चारी खलाशी हाताची घडी घालून बघायला उभे.

इंजिन सुरू झालं. वाळूत भळाभळा पाणी जायला लागलं. चाचांच्यानं ते बघवेना. त्यांनी गुपचूप नळी वळवली आणि तेच पाणी पुन्हा पिंपात सोडलं. घटकाभरात पिंप चहासारखं उकळलं, इंजिन तापून लाल. एक खलाशी पिचकारी टाकून म्हणाला, "आमी चललो शेजारच्या होडयेर."

तांडेलांचं तोंड उतरलं. वयनी पुढं आल्या. "मिस्त्रीनू, समोर येवढो दर्या पडलो हा, आनी तुमी पिंपातला पानी कित्याक जपतास?"

चाचा खाली बघून म्हणाले, "बाई, आमच्याकडं सांडलेल्या पाण्यावरून सोयरिकी मोडल्यात."

वयनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग त्या खलाशाकडं वळून म्हणाल्या, "पौर्णिमेपर्यंत थांब. पानी जपनारो मानूस इंजिन फुकट घालवचो नाय."

खलाशी थांबला. वयनींपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

*

पुढचे दोन दिवस चाचा पेचकस कानाला लावून बसले. आधीच्या तिघांनी पंप उघडलेला, नोझल उघडलेला, सगळं उघडून झालेलं. चाचांनी काहीच उघडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "याला दमा हाय."

साबणाचा फेस मागवला आणि टाकीकडून येणाऱ्या डिझेलच्या पायपावर बोटानं फासला. एका जागी फेस हळूच आत ओढला गेला. केसाएवढी चीर! डिझेल बाहेर येत नव्हतं म्हणून कुणाला दिसली न्हाई. हवा आत जात होती, आणि तीच पुढं डिझेल अडवत होती. पितळेचा झाळ मारून चीर बुजवली, पाणी मुकाट वाळूत जाऊ दिलं आणि इंजिन लावलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एका सुरात चाललं.

आमी पेटी बांधायला घेतली, तर तांडेल म्हणाले, "खय चाललास? होडी बांधनारो सुतार पयल्या फेरीक बसता. इंजिन बांधनारो मिस्त्रीपन बसता. बुडलो तर सगळ्यांबरोबर."

चाचांना पोहता येत न्हाई. विहिरीत इंजिन उतरवायचं असलं तरी कमरेला दोर बांधून घेणारा माणूस. मी म्हणालो, "चाचा, पोट दुखायलंय म्हणा." खलाशी आमच्याचकडं बघत होते.

चाचांनी चप्पल काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "चढायचं कुठून?"

*

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि होड्या निघाल्या. मी आणि कांबळे वाळूत बसलो, माझ्या मांडीवर चाचांच्या चपला. आयुष्यात पहिल्यांदा टिंगल सुचेना. उन्हं कलली. एकेक होडी परत यायला लागली. सगळ्या इंजिनांचे आवाज आमाला सारखेच. कांबळे उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

वयनी पाट्या धुवत होत्या. मधेच हात थांबवून म्हणाल्या, "इली आमची."

आमाला दिसत तर काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं कातळामागून होडी आली. बांगडा मासळीनं भरलेली, काठ पाण्याला टेकलेला. खलाशांनी चाचांना दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. तोंड हळदीसारखं, सदरा भिजलेला, हातात पाना.

तो पिचकारीवाला खलाशी म्हणाला, "मिस्त्री सगळी वाट ओकत होतो. पन इंजिनाकडसून हललो नाय." आणि तांडेलांना विचारलं, "उद्या किती वाजता येव?"

तांडेलांनी चाचांना वाळूत बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी पाजलं आणि म्हणाले, "मिस्त्री, आतलो दर्या कसो वाटलो?"

चाचांनी तोंड पुसलं.

"देखाइच नै. मैं इंजिन देखरा था. कल फिर जारे क्या?"