पेढे वाटण्याआधी

“घ्या हो, सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.” आयव्हीएफच्या दवाखान्यात सोनोग्राफीसाठी ताटकळलेल्या आम्हा सगळ्यांपुढे एक सासूबाई पेढ्यांचा डबा फिरवत होत्या. सून माझ्याच वयाची, खाली मान घालून हसत होती. मी पेढा घेतला, पण तो तोंडात घालवेना.

गेल्या वर्षी माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. गर्भ मात्र गर्भपिशवीत न रुजता बाजूच्या बीजवाहक नळीत रुजला; पोटात दुखू लागलं, चक्कर आली आणि नळी फुटल्यावर तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. लहानपणीच्या टीबीनं माझ्या नळ्या खराब झाल्या होत्या आणि गर्भ पिशवीत सोडला तरी तो नळीत सरकू शकतो, हे मला ऑपरेशननंतर कळलं. आता पुन्हा तसं होण्याचा धोका मला इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणून पुन्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तरी गर्भ कुठे आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत मला आनंद करता येणार नाही. तिला तो आत्ताच करता येत होता. तिच्या बाळापेक्षा मला त्या अजाणपणाचाच हेवा वाटला.

“आई, डावीकडे सकाळपासून फार दुखतंय. चक्करही येतेय,” ती हळूच म्हणाली.

“गॅस असेल गं. पेढा खा.”

मी गप्प बसले. त्यात माझा भिडस्तपणा किती आणि हेवा किती, हे मला सांगता आलं नसतं. तिनं पोटावर हात दाबला, तशी मी उठले.

“नंबराची वाट बघू नका. हे आत्ताच डॉक्टरांना सांगायला हवं. चला, मी येते तुमच्याबरोबर.”