ऑक्टोबरबाई

दहावीच्या निकालादिवशी आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत पेढ्यांचे पुडे जिन्यावरून खालीवर फिरायचे. तळमजल्यावरच्या बाई मात्र पेढ्याला हात लावायच्या नाहीत. "ते राहू दे. नापास कोण झालंय ते सांग!" हे अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं. कुणी दबकलं तर म्हणायच्या, "नापासच झालाय ना? चोरी तर नाही केली! ऑक्टोबर आहे की!" फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची. आम्ही कार्ट्यांनी त्यांचं नावच ऑक्टोबरबाई ठेवलं.

बाई बेलापूरला शिक्षण खात्यात होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी सरकार योजना आखत होतं, त्या समितीवर त्या होत्या. बैठकीहून परतल्या की जिन्यातच भडकायच्या. "व्याख्यानं ठेवू म्हणतात, फलक लावू म्हणतात! अहो, निकालादिवशी नापास पोराबरोबर घरापर्यंत कोण जाणार, तेवढं लिहा की!" शेवटी मसुद्यात आलं, 'पालकांशी समन्वय साधावा.' बाई म्हणाल्या, "समन्वय काय पोस्टमन साधणार?"

त्याच वर्षी मी गणितात आपटलो. वडील रबाळ्याच्या कारखान्यात फिटर, साताऱ्याकडचे, रागानं जमदग्नी. "नापास झालास तर तोंड दाखवू नकोस," असं त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. मला ते खरंच वाटलं. शाळेमागच्या कट्ट्यावर बसून राहिलो. घरी जायचं नाही आणि जगायचंही नाही, एवढंच डोक्यात. मी आलो नाही म्हणून आई बाईंकडे धावली, आणि बाई मला शोधत आल्या. उपदेश नाही, काही नाही. "चल, मी आहे बरोबर."

घरात वडील उठले तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या. "काय बोलायचं ते आधी मला बोला. आणि ताटं वाढा, मलाही भूक लागलीय." वडील परत खाली बसले, आईनं ताटं वाढली. चौघं जेवायला बसलो. जेवता जेवता मला रडू फुटलं आणि कट्ट्यावर काय ठरवलं होतं ते मी बाईंना सांगून टाकलं. वडिलांनी ऐकलं. त्यांचा घास तसाच राहिला.

मी ऑक्टोबरला बसलो, सुटलो. पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. त्या योजनेचं काय झालं, देव जाणे. टेम्पोत सामान चढवायला वडील स्वतः खाली उतरले. बाईंनी चिडवलं, "काय हो, अजून रागावता का पोरावर?"

वडिलांनी माझा खांदा घट्ट धरला.

"रोज रागावतो," म्हणाले. "रागवायला पोरगं हाय न्हवं, बाई."