आधी दाखवा, मग टाका

महादेवप्पाशेठनं गाठोडं कटिंगच्या टेबलावर असं आदळलं की खडूचा डबा खाली पडून तुकडे सगळ्या फरशीभर झाले.

"इमामबी, हे तेवीस फ्रॉक. बालवाडीच्या पोरींचे. कॉलर बघा. एक बाजू चंद्रकोर, दुसरी बाजू खाल्लेली भाकरी! शाळेत मी काय तोंड दाखवू?"

इमामबीनं एक फ्रॉक उजेडाला धरला. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. गोल कॉलरची डावी पाकळी उजवीपेक्षा बोटभर मोठी आणि वळणावर चुण्याच चुण्या.

"तुमच्या त्या अक्कलकोटच्या मास्तरचं काम," शेठ म्हणाले. "काढा त्याला. जूनच्या आधी सगळा माल शाळेत पोचायचाय. पुन्यांदा असा एक नग आला तर उरलेलं कापड उचलून दुसरीकडं देणार. तुमची मोर्चेवाली माया माझ्या मालावर नको."

स्कूटरला किक मारून शेठ गेले. दुपारचे चार वाजले होते. एप्रिलचं सोलापूर, वर पत्रा, आठ मशिनी, तीन पंखे. खिडकीजवळच्या मशीनवर शिवशरण मास्तर खाली मान घालून कॉलर शिवत होता. मशीनच्या आवाजात त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. इमामबीनं गाठोडं उचललं आणि मागच्या हिरव्या लोखंडी कपाटात कोंबलं. कपाटाचं दार आता नीट बसेना; खांद्यानं रेटून तिनं कुलूप घातलं. आत अशी अजून तीन गाठोडी होती.

ही इमामबी कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, असेल कुणीतरी कारखानदारीण. नवव्या वर्षी तिच्या मांडीवर सूप आलं आणि पुढं सव्वीस वर्षं तिनं बिड्या वळल्या. संध्याकाळी माल द्यायला बायकांची रांग लागायची. चेकर मूठभर बिड्या उचलायचा, बघितल्यासारखं करायचा आणि 'छाट' म्हणून बाजूच्या टोपलीत टाकायचा. कुठली वाकडी, कुठली सैल, कुणाला काही कळायचं नाही. विचारलं तर म्हणायचा, "दहा-वीसनं काय होतंय गं? चल, फुडं!" एक दिवस इमामबीनं त्याचं मनगटच धरलं. "आधी दाखव, मग टाक." एवढंच बोलली. चेकरनं हात सोडवायला बघितलं, पण पानं कातरून कातरून दगड झालेली ती बोटं. सुटतात कशाला! दुसऱ्या दिवशी चाळीस बायका तेच बोलल्या. पुढच्या महिन्यात साडेतीनशे बायका ऑफिसच्या पायऱ्यांवर बसल्या आणि शेवटी टेबलावर पांढरं कापड अंथरून, प्रत्येक छाट बिडी त्या त्या बाईला दाखवायची पद्धत पडली. चौथी नापास बाईनं पाडलेली पद्धत. शुक्रवार पेठेतल्या जुन्या बायका अजून तिला 'दाखववाली' म्हणूनच ओळखतात.

तंबाखूनं छाती धरली तेव्हा तिनं बिडी सोडली. नवरा राजेसाब रिक्षा चालवायचा. त्यानं दोन जुन्या मशिनी आणून दिल्या. पण काम कोण देणार? व्यापारी म्हणायचे, ही बाई उद्या आमच्याच दारात बसेल. त्या दिवसांत शिवशरण आला. ज्या दुकानात त्यानं अठरा वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवल्या, ते नुकतंच बंद पडलं होतं. त्यानं मशिनी उघडून साफ केल्या, दोऱ्याचा ताण बसवला, इमामबीला कॉलर ताठ ठेवणारं बक्रम कसं चिकटवायचं ते शिकवलं आणि महादेवप्पाशेठला स्वतः जाऊन नमुन्याचा शर्ट दाखवला. या कारखान्याच्या पायात त्या माणसाचा दगड आहे. म्हणून तर ते कपाट.

जानेवारीपर्यंत सगळं सरळ होतं, कारण कॉलरी सरळ होत्या. मग बालवाडीचे फ्रॉक आले, गोल कॉलरचे. इमामबीनं विचारलं होतं, "मास्तर, जमंल न्हवं?" शिवशरण हसला होता. "कॉलर म्हंजे कॉलर, आपा. मला काय शिकवता?" पहिला परतीचा माल फेब्रुवारीच्या शेवटी आला. इमामबीला वाटलं, नवीन काम आहे, बसेल हात. मास्तर साडेपाचला अक्कलकोटची एसटी धरायला निघून गेल्यावर तिनं ते फ्रॉक समराच्या पुढ्यात ठेवले. समरा सगळ्यांत सफाईदार हाताची. तिनं उसवून पुन्हा शिवले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

आज चौथं गाठोडं आलं, त्याला समरानं हातही लावला नाही. मास्तर गेल्यावर मशीनवर कव्हर टाकून ती उभी राहिली.

"खाला, दोन महिने मी मास्तरांचं उसवतीये. माझी पोरगी शेजारणीकडं बसून रडती. मास्तर दिवसाला चाळीस करतात, त्यातले निम्मे मी करते आणि नाव त्यांचं. हे कुठल्या कायद्याचं?"

"जरा दम धर गं."

"मोर्च्यात असताना तुमी म्हणला असता का दम धर?"

इमामबीच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तिला राग आला, आणि राग आला की तिचं एकच चालायचं, तिथल्या तिथं निकाल. उद्या सकाळी मास्तरला सांगायचं, बस झालं. समरावर अन्याय नको, शेठचं काम जायला नको. ती ठरवून मोकळी झाली.

सकाळी नऊला शिवशरण डबा खुंटीला अडकवत होता तेव्हाच तिनं सुरुवात केली.

"मास्तर, उद्यापासनं तुमी येऊ नका."

"का? सुट्टी हाय?"

"सुट्टी न्हाई. कॉलरी बिघडत्यात तुमच्या. शेठ ऐकंना."

शिवशरण डबा हातात घेऊन तसाच उभा. "माझ्या कॉलरी?"

"हौ, तुमच्या."

"कवापासनं?"

"दोन महिने."

"दोन महिने माझ्या कॉलरी बिघडत्यात, आनि मला आज कळतंय?" त्याचा आवाज चढला. एकेक करत सगळ्या मशिनी थांबल्या. "कोनती कॉलर? कुटं बिघडली? दाखवा की, आपा! आधी दाखवा, मग टाका मला!"

कोपऱ्यात काज-बटण करणाऱ्या काशम्मानं तोंडाला पदर लावला. साडेतीनशे बायकांतली तीही एक होती.

इमामबीच्या डोळ्यांपुढं टोपली आली, छाट बिड्यांची. फरक एवढाच की चेकरनं टोपली उघड्यावर तरी ठेवली होती. तिनं तर कपाटाला कुलूप घातलं होतं आणि वर त्याला माया म्हटलं होतं.

ती उठली. कमरेची किल्ली काढली. कटिंगच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि चारी गाठोडी सोडून फ्रॉक एकेक करून मांडले. उसवून सुधारलेले शेठकडे परत गेले होते. जे पार वाया गेले आणि जे काल आले, ते सगळे होते. एक्केचाळीस.

"हे बघा. डावी पाकळी मोठी. हितं चुण्या. हितं शिलाई सुटलीये. बघा, हात लावून बघा. आनि हे बी ऐका, सगळ्यांनी ऐका. मास्तरांची चूक कॉलरीत हाय. माझी चूक ह्या कपाटात हाय. मी दाखवलं न्हाई. समराच्या पाठीवर टाकलं, ती बी माझीच चूक."

शिवशरण एकेक कॉलर उलटी करून बघत होता. अठरा वर्षं कॉलरीत मुरलेला कारागीर. त्याला दिसत नव्हतं असं नाही. शेवटच्या कॉलरीपाशी त्याचा आवाज अगदी खाली आला.

"लहान पोराला फसवावं तसं केलंत, आपा. मी रोज घरी जाऊन बायकोला, रत्नम्माला सांगायचो, नवीन काम बी जमलं म्हनून."

"शिव्या द्या मला. पण बसा."

"बसून काय करू?"

"सांगते."

एका खोक्याचा पुठ्ठा फाडून तिनं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. बारा कामाचे दिवस. बाराव्या दिवशी साठ कॉलरी, छाट तीनपेक्षा जास्त नको. दुपारी आणि संध्याकाळी तपासणी मास्तरांच्या समोर. समरा रोज दोन तास शिकवणार, ते तिच्या कामात धरणार. नाही जमलं तर गोल कॉलर मास्तरांकडं राहणार नाही. पुठ्ठा खिडकीच्या गजाला बांधला.

"ह्या पोरीकडनं शिकू?" शिवशरणनं विचारलं. "मी बाही लावायला शिकवली हिला."

"मग ती हुशार निघाली तर तुमचंच नाव हाय की," काशम्मा कोपऱ्यातून म्हणाली. दोघी-तिघी फिसकन हसल्या. शिवशरण हसला नाही, पण डबा परत खुंटीला गेला.

दुपारी इमामबी रिक्षात बसून महादेवप्पाशेठच्या दुकानात गेली. उभ्यानंच बोलली. "वाकडा नग माझ्या उंबऱ्याबाहेर पडनार न्हाई. प्रत्येक फ्रॉक मी बघनार. पण मास्तर बारा दिवस राहनार. मान्य नसंल तर कापड न्यायला आत्ता चला, रिक्षा दारात हाय."

शेठनं तिच्याकडं बघितलं, रिक्षाकडं बघितलं. शाळा सुरू व्हायला सात आठवडे राहिलेले, आणि पेठेतला प्रत्येक शिवणारा हात आधीच कामात. "तुमी माल बघनार म्हनता ना, मग झालं," ते पुटपुटले. "च्या घेता का?"

"नक्को."

पहिले तीन दिवस नुसती भांडणं. शिवशरण सरळ कॉलरीसारखं कापड ओढायचा. समरा म्हणायची, "मास्तर, ओढू नका. तळवा ठेवा आणि कापड फिरवा. टाका बारीक करा वळणावर."

"अठरा वर्षं मी—"

"अठरा वर्षं सरळ रस्त्यानं गेलात, मास्तर. आता चौक आला."

"तोंड लई चालतंय तुझं."

"हात बी चालतोय. बघा."

तिनं कॉलर शिवली, वळणावर कात्रीनं बारीक कट दिले, उलटवली. दोन्ही पाकळ्या एकावर एक अशा बसल्या की मधून दोरा जाऊ नये. शिवशरणनं ती कॉलर घेतली, खिशात घातली. कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या तपासणीत एकोणीस छाट निघाले. इमामबीनं एकेक दाखवला. दहाव्याला शिवशरण उठला. "पुरं करा. सगळे बघत्यात."

"बघू द्या. माझे छाट बी सगळे बघायचे."

"तुमाला राग यायचा की न्हाई?"

"लई यायचा. दाखवल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी निम्मे व्हायचे." अकरावा फ्रॉक तिनं त्याच्या हातात दिला. "बसा. अजून नऊ हायेत."

तो बसला. पाचव्या दिवशी त्यानं पुठ्ठ्याचा अर्धगोल साचा कापून आणला. घरी रत्नम्मानं ताटली ठेवून आखून दिला होता. आठव्या दिवशी छाट सहा. दहाव्या दिवशी चार. दुपारी तो आता स्वतःच समराला हाक मारायचा, "ए उस्ताद, हे वळण बघ गं जरा." समरा डब्यातला घास तोंडात असतानाच यायची.

बाराव्या दिवशी, शनिवारी, पाच वाजता शिवशरणनं मशीन थांबवलं. इमामबी उठायच्या आतच त्यानं पांढरं कापड अंथरलं, कॉलरी मांडल्या आणि एक उचलून बाजूला ठेवली.

"ही छाट. माझी मीच दाखवतो. हितं टाका मोठा पडलाय."

इमामबीनं सगळ्या बघितल्या. दुसरी एकही छाट सापडली नाही. मग मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बावन्न."

"बावन्न," शिवशरण म्हणाला. "साठ न्हाई झाल्या."

"खाला," समरा मधेच आली, "आठानं काय होतंय?"

इमामबी तिच्याकडं वळली. "हेच बोलायचा तो चेकर. 'दहा-वीसनं काय होतंय.' त्याचं मी ऐकून घेतलं असतं तर हितं बसलीच नसते. साठ लिवलेत, साठच." मग शिवशरणकडं. "मास्तर, हात बसला तुमचा. वेग न्हाई बसला. जूनपर्यंत शेठला रोज साठ लागत्यात. गोल कॉलर समरा करंल. पोरांचे शर्ट आले की सरळ कॉलर तुमची. तवर बाह्या. बाहीचा दर कॉलरीपरीस कमी हाय, ते आत्ताच सांगते, मागनं न्हाई. पटलं तर सोमवारी या. न्हाई पटलं तर दुसऱ्या कुटल्याबी शेठकडं मी स्वतः येऊन सांगते, असा कारागीर पेठेत न्हाई म्हनून."

शिवशरणनं कात्री पुसली. साचा पिशवीत घातला. एसटी धरायला निघून गेला. काशम्मानं जाता जाता म्हटलं, "गेला बघ तुझा मास्तर." ठरलेलं इमामबी फिरवणार नव्हती. आतून काय होत होतं ते तिचं तिला माहीत.

सोमवारी नऊ वाजले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. नऊ पाच झाले. समरानं दोनदा दाराकडं बघितलं. नऊ दहाला इमामबीनं बाह्यांचा गठ्ठा उचलला, रिकाम्या मशीनवर स्वतः बसायला.

"आपा, ती जागा माझी हाय," दारातून आवाज आला. शिवशरण घामानं भिजलेला. "वळसंगापाशी एसटी बंद पडली." पिशवीतून त्यानं पुठ्ठ्याचा साचा काढला आणि समराच्या मशीनवर ठेवला. "घे. तुला लागंल."

इमामबीनं हजेरीची वही ओढली. "नऊ बारा. लेट लिवते."

"लिवा की," शिवशरण खुर्चीवर बसत म्हणाला. "पण दाखवा, काय लिवलंय ते."

तिनं वही त्याच्याकडं फिरवली. त्यानं वाचली, मान हलवली आणि पहिली बाही सुईखाली घातली.