सोडा मी टाकला होता

आले की ते आधी माशांच्या टाकीत बोट बुडवत, ओलं बोट अंगठ्यावर घासत आणि म्हणत, "पानी बरा हाय." कापडाचा पोत पाहावा तसं पाणी चाचपणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर हे ते.

मानपाड्याच्या जुन्या आगरी वस्तीतले. त्यांचे आजोबा मिठागरावर राबले, हे शोभेचे मासे पाळून विकत आणि लोकांच्या टाक्या सांभाळत. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांनी काचेची मोठी टाकी बसवली आणि तिच्यात आफ्रिकन सिक्लिड मासे सोडले. निळे, पिवळे, दिवसभर एकमेकांच्या शेपट्यांमागे.

"भांडखोर आहेत हो फार," मी म्हणालो.

"तुमच्या कमिटीतलेच हायेत, काका."

माझं आयुष्य रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलेलं. पीएच मोजायच्या पट्ट्या निवृत्तीनंतरही घरात होत्या. या माशांना आठच्या वरचं पाणी लागतं, असं मी कुठेसं वाचलं. टाकीत पट्टी बुडवली, तर जेमतेम सात.

"आठ म्हैने झाले, खातायत, भांडतायत," ते म्हणाले. "पट्टी वाचता तसा मासा वाचा ना जरा."

फिल्टरमध्ये ते घरी खाल्लेल्या कालवांचे शिंपले उकळून, वाळवून भरत. शिंपल्यांमुळे पाण्याचा पीएच सावकाश चढतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो अडाणीपणा वाटे.

गावदेवीच्या जत्रेसाठी ते तीन दिवस आले नाहीत. दुसऱ्या दुपारी मी वाटीभर खाण्याचा सोडा विरघळवून टाकीत ओतला. पट्टीवर आठच्या पुढचा रंग आला. मी समाधानाने जेवायला गेलो. सकाळी चौदाच्या चौदा मासे तरंगत होते. पाणी असं एकदम बदललं की मासा टिकत नाही, हे पट्ट्यांवर पोट भरलेल्या मला कळायला हवं होतं.

कमिटी जमली. "जत्रेला जाण्याआधी टँकरचं पाणी ओतलं असणार त्याने," कोणी म्हणालं. "मुळात मासेच रोगट दिले," दुसरा म्हणाला. त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी बोट बुडवलं, घासलं.

"पानी बुलबुलीत लागतंय. कोनी काय टाकला काय?"

"इथे कोण काय टाकणार?" हे मी म्हणालो. दुसरं कोणीही नाही.

त्यांचं काम बंद झालं. बोलणं आजूबाजूच्या इमारतींत पसरलं आणि तिथल्याही टाक्या त्यांच्या हातून गेल्या. रस्त्यात भेटले की विचारत, "बरे हाव ना, काका?" मी भाजीच्या गाडीकडे बघत असे.

अशी दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात मी मानपाड्याला त्यांच्या घरी गेलो. गच्चीवर टाक्यांची रांग होती. हनुवटी फुगलेली एक मादी दाखवत ते म्हणाले, "पिल्लं तोंडात हायेत. बाहेर सोडीपर्यंत खानार नाय काय."

"पाणी कुठलं?"

"नलाचाच."

मी म्हणालो, "तो सोडा मी टाकला होता."

त्यांचा काच पुसणारा हात थांबला नाही. "ठाव हाय. पट्ट्या तुमच्याकडंच होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा कोन ऐकला असता? तुमी बोला."

वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, मासेच ते." मी म्हणालो, "माणसाचं नाव गेलं त्यात. इतिवृत्तात लिहा." लिहून होईपर्यंत मी बसलो नाही.

परवाच्या रविवारी ते पिल्लांची पिशवी घेऊन आले. पिशवी सोसायटीच्या टाकीत तरंगत ठेवली, मला स्टुलावर बसवलं, हातात पेला दिला. दर दहा मिनिटांनी टाकीतलं पेलाभर पाणी पिशवीत ओतायचं. पहिला ओतला आणि मी लगेच दुसरा पेला भरला.

"घाई करू नका. त्यांना पानी कलू द्या."

तेवढ्यात शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी डोकावले. "आमची टाकी पुन्हा बघाल का जरा? आत्ता येता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "अजून दोन पेले, काका. मंग पिशवी हलूच उलटी करा."

आणि पाण्यापाशी मला एकट्याला ठेवून ते गेले.